बिडाची चूल, लोण्याचं पिंप आणि बैलांचं जू : अमेरिकेतल्या जिवंत शेत-संग्रहालयात पहिल्यांदा काम करताना

आयोवा राज्याची राजधानी डे मॉइन, आणि तिला लागूनच अर्बनडेल. तिथे 'लिव्हिंग हिस्टरी फार्म्स' नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. १७०० सालचं आयोवे या मूळनिवासी लोकांचं शेत, १८५० सालच्या वसाहतकऱ्याचं ओंडक्यांचं घर, १९०० सालचं घोड्यांवर चालणारं शेत आणि १८७० च्या दशकातलं वॉलनट हिल हे गाव, अशी त्याची मांडणी. आयोवा स्टेट विद्यापीठातले शेती-अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम मरे यांच्या पुढाकाराने ते १९७० मध्ये उभं राहिलं. इथे चूल खरी पेटते, पीठ खरं मळलं जातं, बैल खरे जुंपतात. ही कामं करणारी माणसं त्या त्या सालचे कपडे घालून वावरतात. अमेरिका-कॅनडात अशी बरीच ठिकाणं आहेत, आणि हंगामात बहुतेकांना स्वयंसेवक हवे असतात.

तिथे पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यासाठी ही माहिती. अभिनय येतो का, ही चिंता सोडा. काम नीट आलं की बोलणं त्यातूनच निघतं. ज्याची चूल धुमसतेय त्याला इतिहास सांगायला सवडच मिळत नाही.

आधी साल पक्कं करा

तुम्हाला कोणतं घर दिलंय आणि ते कोणत्या सालचं, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्या. सालावर सगळं ठरतं. १८५० च्या घरात स्वयंपाक उघड्या शेकोटीवर, १९०० च्या घरात बिडाच्या बंद चुलीवर. १८५० च्या फळीवर आट्याच्या झाकणाची मेसन बरणी ठेवली तर चूक, कारण तिचं पेटंट १८५८ चं. रॉकेलचा कंदीलही त्या घरात नको. काटेरी तारेचं कुंपण १८७० च्या दशकात पसरलं. त्याआधी लाकडाच्या चिरफळ्यांचं नागमोडी कुंपण असे. अशा गोष्टी पाहुण्यांपैकी एखादा आजोबा नेमक्या पकडतो.

सगळ्यात जास्त गोंधळ 'होमस्टेड' या शब्दाचा होतो. फुकट जमीन देणारा होमस्टेड कायदा लिंकनच्या सहीने २० मे १८६२ रोजी झाला आणि १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला. त्यात १६० एकर मिळत, पाच वर्षं तिथे राहून, घर बांधून, जमीन कसून दाखवावी लागे, आणि फी मिळून १८ डॉलर भरावे लागत. वय २१ पूर्ण असलेली किंवा कुटुंबप्रमुख असलेली व्यक्ती अर्ज करू शके. अविवाहित स्त्रिया, विधवा आणि नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेले परदेशी लोकही त्यात आले. म्हणजे १८५० च्या घरातलं कुटुंब या कायद्याने आलेलं नाही. त्या काळी सरकारी जमिनीचा दर एकरी सव्वा डॉलर होता. 'यांना जमीन फुकट मिळाली' असं या घरात उभं राहून सांगू नका. त्या कायद्याची खरी जागा पाहायची तर शेजारच्या नेब्रास्कात बीट्रिसजवळ जावं लागतं. डॅनियल फ्रीमनने पहिल्याच दिवशी दावा लावलेली जमीन तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून राखली आहे.

जमीन कोणाची होती, हा प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. आयोवे लोकांचे वंशज आज मुख्यतः कॅन्सस-नेब्रास्काच्या सीमेवर आणि ओक्लाहोमात आहेत. ज्यांच्या नावाने राज्य आहे, तेच तिथे उरले नाहीत. मेस्क्वाकी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांनी मात्र १८५७ मध्ये टामा काउंटीत ८० एकर स्वतःच्या पैशाने विकत घेतले आणि ते आजही तिथेच आहेत. एवढी दोन वाक्यं शांतपणे सांगता आली तरी पुष्कळ.

कपडे

कपडे बहुधा संग्रहालय देतं. आतले आणि पायातले आपले. सुती, लिनन किंवा लोकर, एवढंच अंगावर हवं. पॉलिएस्टर किंवा नायलॉन आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं, म्हणून आतली बनियनसुद्धा शंभर टक्के सुती घ्या. सुती कापड भपकन पेटतं, लोकर धुमसते आणि बऱ्याचदा आपोआप विझते. शेकोटीपुढे काम करणाऱ्या बाईला लोकरीचा परकर देतात तो यासाठी. घेर मागे खोचायचा आणि निखाऱ्यांजवळ पाठ करून कधीच वाकायचं नाही. नऊवारीचा काष्टा मारून चुलीपुढे बसायची सवय असेल तर हे लगेच कळेल.

स्मार्टवॉच, नेलपॉलिश, रंगीत फ्रेमचा चष्मा घरी. मंगळसूत्र, टिकली, कान टोचलेले असतील तर काय करायचं ते समन्वयकाला आधीच विचारा. बहुतेक ठिकाणी गळ्यातलं आत सारून चालतं. चामडी तळव्याचे बूट ओल्या गवतावर जबरदस्त घसरतात, पहिला आठवडा जपून. पाणी तहान लागायच्या आधी प्या. जुलैत आयोवात मक्याच्या वाढीला पोषक हवा असते, म्हणजे माणसाला घामाघूम करणारी.

शाकाहारी असाल तर तेही आधी सांगा. १८५० चं स्वयंपाकघर डुकराच्या चरबीवर आणि खारवलेल्या मांसावर चालतं, आणि मेणबत्त्या गाईच्या चरबीच्या असू शकतात. दूधदुभतं, बाग, विणकाम, कुंपण, यांतलं काम मागून घेता येतं.

बिडाची चूल

१९०० च्या घरातली चूल म्हणजे पायांवर उभं असलेलं भारी लोखंडी कपाटच. डाव्या बाजूला सरपणाचं तोंड, त्याखाली जाळी, जाळीखाली राखेचं तसराळं. मध्ये भट्टी, म्हणजे ओव्हन. उजव्या कडेला पाणी तापवायची टाकी. वर गोल झाकणं, ती उचलायला वेगळी मूठ. आपल्या मातीच्या चुलीला वैल असतो तसं इथेही: जाळावरची झाकणं सर्वांत तप्त, त्यापासून दूरची मंद. दूध, आमटीसारख्या गोष्टी मागच्या कोपऱ्यात सरकवायच्या.

पेटवण्याआधी तीन झडपा शोधा. पहिली सरपणाच्या तोंडाजवळ, हवा आत घेणारी. दुसरी धुराड्याच्या नळीत. तिसरी भट्टीची, आणि नवशिका नेमका तिथेच फसतो. ती उघडी असली की धूर सरळ वर जातो. बंद केली की गरम हवा भट्टीच्या वरून, बाजूने, खालून फिरून मग धुराड्यात जाते आणि भट्टी तापते.

१. आदल्या दिवशीची राख जाळीवरून पाडा, तसराळं रिकामं करा. जाळी तुंबलेली असेल तर खालून हवा येत नाही आणि जाळ धरत नाही.

२. तिन्ही झडपा पूर्ण उघडा. भट्टीचं दार उघडून आत कोणी काही ठेवलंय का ते पाहा. लाकडी चमचे वाळायला आत ठेवून विसरणारे सगळीकडे असतात.

३. सकाळ गार असेल तर धुराड्यात थंड, जड हवा बसलेली असते. आधी कागदाचा एक सैल बोळा पेटवून धुराड्याच्या नळीच्या तोंडाशी जळू द्या. वर ओढ लागली की मग सरपण.

४. कागद, त्यावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या देवदार-पाइनच्या झिलप्या उलटसुलट, मध्ये पोकळी ठेवून. त्या नीट धरल्या की मनगटाएवढ्या दोन-तीन फोडी. ओक किंवा हिकरीचं जड लाकूड निखाऱ्यांचा थर तयार झाल्यावरच.

५. पंधरा-वीस मिनिटांनी जाळ स्थिर झाला की भट्टीची झडप बंद करा, धुराड्याची अर्धी करा. भट्टी पावासाठी तापायला तिथून पाऊण ते एक तास लागतो. कणीक त्या हिशोबाने मळा.

खोलीत धूर आला तर क्रमाने तपासा: भट्टीची झडप चुकून बंद राहिलीय का, धुराड्याची झडप उघडी आहे का, लाकूड ओलं आहे का. ओलं लाकूड टोकांतून फेसाळतं आणि सुस्कारतं. वाळलेल्या फोडीच्या टोकांना तडे असतात आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर टणक आवाज येतो. ओल्या लाकडाचा आणखी एक तोटा लगेच दिसत नाही. धुरातलं डांबर धुराड्याच्या आत साचतं आणि एक दिवस तेच पेटतं. झडपा आवळून आग दिवसभर धुमसत ठेवण्यानेही हेच होतं. लहान आणि लख्ख जाळ बरा.

भट्टीला काटा नसतो. जुन्या बायका हात आत घालून अंक मोजत. साधारण ३५ ते ४५ आकड्यांपर्यंत हात टिकला तर मध्यम आच, २० ते ३५ मध्ये काढावा लागला तर कडक. अर्थात प्रत्येकाचा हात वेगळा. पहिले काही दिवस आत आधुनिक भट्टी-तापमापी ठेवून आपल्या हाताचा आकडा जुळवून घ्या. संग्रहालय उघडण्याआधी ती पाहुण्यांच्या नजरेआड काढून ठेवा. पावाला १९० ते २०० अंश सेल्सिअस पुरे. सरपणाकडची बाजू नेहमी जास्त तापते, म्हणून निम्म्या वेळेला टिन फिरवायचाच. वरचा पापुद्रा काळा आणि खालचा भाग पांढरा राहिला तर बहुधा भट्टीखाली काजळी-राख साचली आहे. त्यासाठी वेगळं छोटं दार असतं, तिथून खरवडून काढतात.

तापलेल्या बिडावर पाणी ओतायचं नाही. तडा जातो, आणि शंभर वर्षांपूर्वीची झाकणं बाजारात मिळत नाहीत.

१८५० च्या शेकोटीवर मात्र 'डच ओव्हन' वापरतात: तीन पायांची बिडाची कढई, कडा उभ्या असलेलं झाकण. निखारे खाली पसरायचे आणि झाकणावरही ठेवायचे. खालचे कमी, वरचे जास्त. कोळशाच्या एकसारख्या वड्यांसाठी हिशोब सोपा आहे: १२ इंची कढई असेल तर वर १५, खाली ९. लाकडाचे निखारे लहानमोठे, त्यामुळे तोच हिशोब अंदाजाने. मक्याच्या पिठाची भाकरी खालून करपते ती नेहमी खालचे निखारे जास्त झाल्याने. शेकोटीतल्या मोठ्या जाळावर कढई ठेवू नका. बाजूला फावडंभर निखारे ओढून घ्या आणि त्यांच्यावर शिजवा, जाळ आपला निखारे तयार करत राहतो.

लोणी

मराठी माणसाला हे काम सोपं वाटतं, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी चुकतं. आपण सायीला विरजण लावतो आणि रवी गरगर फिरवतो. इथे उभं, निमुळतं लाकडी किंवा पक्क्या भाजलेल्या मातीचं पिंप असतं, त्यात दांड्याला जोडलेली फुली वर-खाली करायची. फिरवायची नाही. साय गोडी असते किंवा एक-दोन दिवस आंबवलेली. आंबवलेल्या सायीचं लोणी लवकर येतं आणि वासही आपल्या ओळखीचा येतो.

पिंप आणि लाकडी फळ्या आधी कढत पाण्याने, मग गार पाण्याने भिजवून घ्या, नाहीतर लोणी लाकडाला धरून बसतं. साय पिंपाच्या अर्ध्यापेक्षा जास्त नको, कारण ती फुगते. तापमान १३ ते १६ अंश सेल्सिअस, तिथल्या फॅरनहाइट काट्यावर ५५ ते ६०. हा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. साय जास्त गार असेल तर तासभर हाणूनही नुसता फेस. जास्त कोमट असेल तर लोणी पटकन येतं पण तेलकट, पांढुरकं, आणि ताक त्यातून निघता निघत नाही. उपाय अनुक्रमे कोमट आणि गार पाण्याच्या घमेल्यात पिंप उभं करणं.

लय संथ ठेवा, मिनिटाला पन्नास-साठ ठोके. मुलं हातात दांडा मिळाला की झपाटल्यासारखी हाणतात, साय वरून उडते. त्यांना मोजून वीस ठोके द्या आणि पुढच्याला बोलवा. वीस ते चाळीस मिनिटांत आवाज बदलतो: घट्ट धप्-धप् जाऊन सैल, पाणीदार चपचप येते, आणि दांड्याला गव्हाच्या दाण्याएवढे कण चिकटलेले दिसतात. इथेच थांबा. आणखी घुसळलं तर कणांचा गोळा होऊन आत ताक अडकतं.

ताक गाळून बाजूला ठेवा, ते सोडा घातलेल्या बिस्किटांत लागतं. लोण्यावर गार पाणी ओता, हलवा, काढा. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा. मग लाकडी परातीत फळीने दाबून उरलेलं पाणी काढा. हाताने मळू नका, हाताच्या उबेने लोणी पाघळतं. पाउंडाला साधारण एक औंस मीठ, म्हणजे किलोला साठ ग्रॅम. हे आपल्याला खारट लागेल, पण बर्फाशिवाय तळघरात ठेवायचं लोणी आहे. ३६ टक्के स्निग्धांश असलेल्या एक लिटर सायीतून ४०० ग्रॅमच्या आसपास लोणी मिळतं. एवढंच? असं पाहुणे म्हणतातच.

चाखायला मात्र देऊ नका. अनेक संग्रहालयांना आरोग्य नियमांमुळे घरात केलेलं पाहुण्यांना खाऊ घालता येत नाही. आपल्या पाहुणचाराच्या सवयीला हे जड जातं, पण एका चमच्यावरून अख्ख्या स्वयंपाकघराचा उपक्रम बंद होऊ शकतो.

मेणबत्त्या

हे काम शरद ऋतूतलं. उंच डबा पाण्याच्या भांड्यात ठेवून चरबी किंवा मधमाश्यांचं मेण वितळवा. थेट जाळावर कधीच नाही. चरबी कमी पडत असेल तर डब्यात खाली गरम पाणी आणि वर तरंगती चरबी ठेवतात. वात बुडायला खोली मिळते, एवढंच हवं असतं. सुती वाती काठीवर दोन इंच अंतराने दुमडून टांगा. पहिली बुडवणी अर्धा मिनिट, वात भिजून बुडबुडे थांबेपर्यंत. मग ती ओढून सरळ करा, कारण आत्ताची वाकडी वात शेवटपर्यंत वाकडी राहते. त्यानंतर झटकन आत, झटकन बाहेर, आणि थर गार होईपर्यंत थांबायचं. पंचवीस-तीस बुडवण्यांत बोटाएवढी जाडी येते. जाडी वाढण्याऐवजी कमी होऊ लागली तर चरबी फार गरम आहे, आधीचा थर वितळतोय. थरांवर गाठी आल्या तर फार गार.

बैल

नव्या माणसाने बैल हाकायचे नसतात, पण प्रश्न त्याच्याकडेच येतात. तिथल्या बैलाला वशिंड नाही. त्यामुळे आपल्यासारखं वशिंडापुढे टेकणारं, शिवळा आणि जोत्यांचं जू तिथे चालत नाही. लाकडी आडवं जू मानेवर, आणि खालून वाफ देऊन वाकवलेली हिकरीची कमान गळ्याभोवती येऊन जुवाच्या भोकांतून वर निघते. वेसण नाही, कासरा नाही. हाकणारा डाव्या बैलाच्या डाव्या अंगाला चालतो आणि बोलण्यावर काम होतं: 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, 'वो' म्हणजे थांब. हातातली काठी स्पर्शाने खूण करायला. जोडीतल्या प्रत्येकाची बाजू ठरलेली, अदलाबदल केली तर दोघेही गोंधळतात. पाहुण्यांना बैलाच्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जायला सांगा, मागून नाही. १९०० च्या शेतावर घोड्यांजवळ एक जादा नियम: लगामाचा पट्टा हाताला कधीही गुंडाळायचा नाही.

बोलणं

काही संग्रहालयांत तुम्ही त्या काळचं पात्र असता आणि आजचं काही ठाऊक नसल्यासारखं बोलता. बऱ्याच ठिकाणी कपडे जुने, बोलणं आजचं, 'ते लोक असं करत' या भाषेत. नवशिक्याला दुसरी पद्धत सोपी आणि, स्पष्ट सांगायचं तर, उपयोगीही जास्त. आपला मराठी वळणाचा उच्चार पात्राआड लपवण्याची खटपटही मग करावी लागत नाही.

तीन प्रश्न रोज येतील: 'ही आग खरी आहे का?', 'या कपड्यांत उकडत नाही का?', 'हे तुम्ही खरंच खाणार?' वैतागू नका, ही बोलायची वाट आहे. पहिल्याला सरपणाची रास दाखवा आणि दिवसाला किती लागेल याचा अंदाज त्यांनाच करायला लावा. दुसऱ्याला म्हणा, उकडतं, म्हणूनच उन्हाळ्यात चूल वेगळ्या खोलीत हलवणारी घरं होती. लेकुरवाळी माणसं आली तर मुलाच्या हातात काहीतरी द्या: मक्याचं कणीस, लाकडी फळी, लोकरीचा पेळू. पण आधी हे माहीत करून घ्या की कोणती वस्तू अस्सल आणि कोणती नक्कल. अस्सल वस्तूवर बहुधा कुठेतरी बारीक नोंदणी क्रमांक असतो. तशी वस्तू वापरायचीही नाही आणि हलवायचीही नाही.

दिवस संपताना

बंद होण्याच्या तासभर आधी सरपण घालणं थांबवा. भट्टीची झडप पुन्हा उघडी करा, हवेची झडप बंद. लोण्याचं लाकडी सामान कढत पाण्याने खळबळून सावलीत वाळवा. साबण लावला तर वास लाकडात मुरतो, उन्हात ठेवलं तर फळी फाटते. पाण्याच्या टाकीत पाणी आहे ना ते पाहा, कोरडी टाकी सकाळी चूल पेटल्यावर उकलते. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच, आणि बादली लाकडी ओट्यावर नाही, मोकळ्या मातीवर, घरापासून लांब. राखेखालचा निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. बादली कुठे ठेवली, ते सकाळी येणाऱ्यासाठी वहीत लिहून जा.